एका रेघेत न मावणारी सीमा : नागपुरातील स्पर्धा परीक्षा वर्गांना खुले पत्र

प्रति,
स्पर्धा परीक्षा वर्गांचे संचालक, राज्यशास्त्र व इतिहासाचे शिक्षक आणि नोट्स तयार करणारी मंडळी,
सीताबर्डी, धरमपेठ, महाल व इतरत्र, नागपूर

विषय : भारत-चीन सीमाप्रश्न अर्ध्या पानात उरकणे थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

शहरात झेरॉक्स होऊन फिरणाऱ्या नोट्समध्ये भारत-चीन सीमाप्रश्नाला बहुधा अर्धे पान मिळते आणि त्यातली वाक्येही ठरलेली असतात. 'मॅकमहोन रेषा ही भारत-चीन सीमा.' 'पंचशील करार, १९५४.' 'युद्ध, १९६२.' 'एलएसी (प्रत्यक्ष ताबा रेषा) म्हणजे दोन्ही देशांनी मान्य केलेली रेषा.' यातले पहिले वाक्य अपुरे आहे, दुसऱ्यात करार कशाचा हेच येत नाही, तिसऱ्यात नुसती तारीख आहे आणि चौथे साफ चूक आहे. आपल्याकडे बसणारी मुले उद्या उपनिरीक्षक, तहसीलदार, परराष्ट्र सेवेतले अधिकारी होतात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

विदर्भातल्या मुलांना हा प्रश्न समजायला मुळीच अवघड नाही, कारण धुऱ्याचे भांडण त्यांनी जवळून पाहिलेले असते. दोन शेतकरी धुऱ्यावरून भांडले की शहाणा माणूस तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो. कागदावर काय लिहिले आहे? दगड कुठे रोवले आहेत? आणि वहिवाट कुणाची आहे? तिन्ही एकाच जागी असतील तर भांडण उरतच नाही. भारत-चीन सीमेवर बराच भाग असा आहे की कागद आहे पण दोघांनी मिळून रोवलेला दगड नाही, किंवा वहिवाट आहे पण दोघांच्या सहीचा कागद नाही. सीमा कागदावर ठरवणे हे एक काम आणि ती जमिनीवर आखून खांब रोवणे हे दुसरे, ही फोड पहिल्याच तासाला करून द्यावी. पुढचा सारा गुंता त्यामुळे निम्मा होतो.

आता तुकडे. आपले सरकार या सीमेची लांबी ३,४८८ किमी सांगते. लडाख १,५९७, हिमाचल व उत्तराखंड मिळून ५४५, सिक्कीम २२० आणि अरुणाचल १,१२६. चीन साधारण २,००० किमी म्हणतो. हा फरक मोजपट्टीचा नाही, कोणता तुकडा हिशेबात धरायचा याचा आहे. मॅकमहोन रेषेचा संबंध यातल्या फक्त पूर्वेकडच्या तुकड्याशी येतो. अक्साई चीनचा, म्हणजे पश्चिमेला लडाखकडच्या वादग्रस्त पठाराचा, प्रश्न विचारला आणि मुलाने 'मॅकमहोन रेषा' लिहिले की समजावे, नोट्सने घात केला.

पूर्वेकडून सुरुवात करू. सिमला परिषद ऑक्टोबर १९१३ मध्ये सुरू झाली. ब्रिटिशांकडून हेन्री मॅकमहोन, तिबेटकडून लोन्छेन शात्रा, चीनकडून इव्हान चेन. पण रेषा ठरली ती परिषदेच्या टेबलावर नव्हे. २४ आणि २५ मार्च १९१४ रोजी दिल्लीत मॅकमहोन आणि लोन्छेन शात्रा यांनी एकमेकांना पत्रे दिली आणि सोबतच्या नकाशावर लाल रेघ मान्य केली. त्या पत्रांत चीन नव्हता. २७ एप्रिलला तिघांच्या प्रतिनिधींनी मुख्य मसुद्यावर आद्याक्षरे केली, बीजिंगने लगेच ती नाकारली, आणि ३ जुलैला ब्रिटन व तिबेट या दोघांनीच पुढचे कागद पुरे केले. चीनचा त्या वेळचा मुख्य आक्षेप तिबेटची अंतर्गत आणि बाह्य अशी वाटणी करणाऱ्या रेषेवर होता, हेही सांगायला हवे. तिबेटला करार करण्याचा अधिकार होता की नाही, हा कायद्याचा मूळ वाद इथून निघतो.

या प्रकरणातली एक अडचणीची गोष्ट मुलांपासून लपवू नये. आचिसनच्या करारसंग्रहाचा, म्हणजे ब्रिटिश भारताच्या करारांच्या अधिकृत संग्रहाचा, चौदावा खंड १९२९ मध्ये निघाला तेव्हा त्यात हा करार घातलेला नव्हता. १९३८ मध्ये ब्रिटिश अधिकारी ओलाफ कॅरो यांच्या पुढाकाराने नवा खंड छापला गेला, त्यात सिमल्याचे कागद आले आणि मुखपृष्ठावर साल मात्र १९२९ च ठेवले. चिनी बाजूचे अभ्यासक हा मुद्दा हमखास काढतात. मुलाखतीत तो पुढे आला की आपल्या मुलाने गोंधळून जायला नको. १९१४ ची मूळ पत्रे आणि नकाशा त्या छपाईवर अवलंबून नाहीत, हे त्याचे उत्तर आहे. पण हे उत्तर द्यायला आधी आक्षेप माहीत असावा लागतो.

आता तो नकाशा. त्याचे प्रमाण एका इंचाला आठ मैल. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सुमारे अर्धा किलोमीटर होतो. बोरू जरा जाड टेकला की एक आखे गाव रेघेखाली जाते. शिवाय ही रेघ पाण्याच्या धारेवरून, म्हणजे पाणी जिथून दोन बाजूंना फुटते त्या माथ्यावरून न्यायची असे तत्त्व होते. मोजणी मात्र सगळीकडे झालेली नव्हती. भारत, चीन आणि भूतान जिथे मिळतात त्या तिठ्याजवळ हे अंगाशी आले. नकाशावरची रेघ थागला डोंगराच्या धारेपासून तीन-चार मैल दक्षिणेला पडते. भारताचे म्हणणे, तत्त्व धारेचे आहे, म्हणून सीमा थागलावर. चीनचे म्हणणे, नकाशा बघा. त्या नकाशावर हे अंतर जेमतेम अर्धा इंच भरते. भारताची ढोला चौकी याच अर्ध्या इंचात होती. ८ सप्टेंबर १९६२ ला चिनी सैन्य थागला उतरून तिच्यासमोर आले आणि सहा आठवड्यांत, २० ऑक्टोबरला, युद्ध सुरू झाले.

कागदात तत्त्व एक आणि खूण भलतीकडे, हा दोष सिक्कीममध्येही सापडतो. १७ मार्च १८९० चा ब्रिटन-चीन करार म्हणतो की सीमा गिपमोची डोंगरापासून सुरू होते आणि तीस्ता व मोचू यांच्या पाण्याच्या धारेवरून जाते. प्रत्यक्षात धार गिपमोचीला मिळत नाही. भारत आणि भूतानच्या मते ती उत्तरेला बतांग ला इथे येते. चीन डोंगराचे नाव धरून बसतो, आपण धार धरतो. २०१७ मध्ये १६ जून ते २८ ऑगस्ट असे ७३ दिवस याच भागातल्या डोकलामला भारत आणि चीनची सैन्ये समोरासमोर उभी राहिली, ती या एका वाक्याच्या दोन टोकांवर. थागला आणि डोकलाम एकाच तासाला शिकवले तर मुलांना कारण कळते. वेगळे केले की दोन तारखा पाठ होतात, एवढेच.

पश्चिमेला प्रकार उलटा आहे. तिथे वादग्रस्त कागद शोधायला जावे तर दोघांच्या सहीचा कागदच सापडत नाही. लडाख आणि ल्हासा यांच्यातला १८४२ चा समझोता 'जुन्या, ठरलेल्या सीमा' म्हणतो, पण त्या कुठून जातात ते सांगत नाही. १८६५ मध्ये सर्वे ऑफ इंडियाचा डब्ल्यू. एच. जॉन्सन लेहहून अक्साई चीन ओलांडून शिनजियांगमधल्या खोतानला जाऊन आला आणि त्याच्या नकाशावर अक्साई चीन काश्मीरच्या महाराजांच्या राज्यात दिसते. १४ मार्च १८९९ ला ब्रिटनचे बीजिंगमधले प्रतिनिधी क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी चीनला दुसरी रेषा लेखी सुचवली. तिने अक्साई चीनचा बराच भाग पलीकडे जात होता. चीनने उत्तर दिले नाही. एकाच साम्राज्याच्या दोन रेषा, आणि दुसऱ्या बाजूची सही एकीवरही नाही.

इथे नागपूरकरांनी थोडे थांबावे. जॉन्सन ज्या मोजणी परंपरेतून आला, ती महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादकडून नागपूरला येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्या झिरो माईलजवळचा १९०७ चा उंचीचा दगडही याच मोजणीचा. सीमेचा धडा सुरू करायला याहून जवळचे साधन कुठल्या शहराला मिळाले आहे? मुलांना एकदा तिथे उभे करा आणि सांगा : मोजणी म्हणजे हे. एक ठरलेला बिंदू, तिथून मोजलेले अंतर, लिहून ठेवलेली उंची. अक्साई चीनमध्ये दोन्ही बाजूंनी मान्य केलेला असा एकही दगड नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सरकारी नकाशात मॅकमहोन रेषा पक्की दाखवली होती, पण पश्चिम आणि मध्य भागात 'सीमा अनिश्चित' असा शेरा होता. १ जुलै १९५४ ला नेहरूंनी लेखी सूचना दिली की जुने नकाशे बाजूला ठेवावेत, उत्तरेची सीमा पक्की दाखवावी आणि तिच्यावर कुणाशी चर्चा करू नये. त्यानंतरच्या नकाशात शेरा गेला आणि अखंड रेघ आली. या बदलाचे गुणदोष वर्गात मोकळेपणाने चर्चेला घ्यावेत. आमच्या मते भारताचा दावा मांडणे योग्यच होते. दावा ठरवताना समोरच्याला बोलावलेच नाही, ही मात्र उणीव होती आणि तिची किंमत पुढे चुकवावी लागली.

त्याच वर्षी २९ एप्रिलला बीजिंगमध्ये जो करार झाला, त्याला आपण पंचशील म्हणतो. तो सीमेचा करार नाही. तो भारत आणि चीनचा तिबेट प्रदेश यांच्यातला व्यापार व येण्याजाण्याचा करार आहे. पाच तत्त्वे त्याच्या प्रास्ताविकात आहेत. मुदत आठ वर्षांची, म्हणून जून १९६२ मध्ये तो संपला. त्यात सहा खिंडींची नावे आहेत : शिपकी ला, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. आपल्याकडे समज झाला की ज्या खिंडीतून जायचे ते ठरले, त्या खिंडीवर सीमाही ठरली. चीनने तसे कुठेच म्हटले नव्हते. सही वाळून तीन महिने व्हायच्या आत, १७ जुलैला, चीनचे निषेधपत्र आले : नीती खिंड ओलांडून भारतीय सैनिक वू-जे इथे आले आहेत. आपण ज्याला बाराहोती म्हणतो, ती ही जागा. या वादातले हे पहिले पत्र. नोट्समध्ये ते आम्हाला अजून दिसलेले नाही.

सगळ्यात जास्त वेळ १९५९ ला द्यावा, कारण त्या एका वर्षाच्या पत्रांत पुढची सहा दशके दिसतात. आधीची पार्श्वभूमी अशी : चीनने १९५७ मध्ये शिनजियांग-तिबेट रस्ता पूर्ण झाल्याचे जाहीर केले, तो अक्साई चीनमधून जातो. पाहणीला गेलेल्या भारतीय तुकड्यांपैकी एक १९५८ मध्ये पकडली गेली. १८ ऑक्टोबर १९५८ ला भारताने निषेध नोंदवला आणि १४ डिसेंबरला नेहरूंनी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना नकाशांबद्दल पत्र लिहिले. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्याच नागपुरात भरले होते, देशभर चर्चा सहकारी शेतीच्या ठरावाची चालली होती. त्याच महिन्यात, २३ तारखेला, चाऊंचे उत्तर लिहिले गेले. सीमा कधी औपचारिकपणे ठरलेलीच नाही, हे त्यांनी त्यात प्रथमच स्पष्ट लिहिले. लोकांना मात्र ते पत्र कळले ७ सप्टेंबरला, नेहरूंनी पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेत ठेवली तेव्हा. मधल्या काळात मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, २५ ऑगस्टला पूर्वेकडच्या सीमेवर लोंगजूला गोळीबार झाला. म्हणजे जे पत्र शांतपणे वाचायचे होते ते लोकांनी संतापात वाचले. नेहरूंचे हात बांधले गेले ते इथे.

२१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका लाजवळ पोलीस अधिकारी करम सिंग यांच्या तुकडीवर हल्ला होऊन दहा पोलीस हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. पीएसआयची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला तो दिवस आणि ती जागा माहीत असलीच पाहिजे, प्रश्न येवो न येवो.

मग ७ नोव्हेंबर. चाऊंनी सुचवले की दोन्ही सैन्यांनी पूर्वेला मॅकमहोन रेषेपासून आणि पश्चिमेला 'प्रत्यक्ष ताब्याच्या रेषेपासून' २० किमी मागे जावे. एलएसी हा शब्द इथून आला. नेहरूंनी १६ नोव्हेंबरला उलट सुचवले : लडाखमध्ये भारताने चीनच्या दाव्याच्या रेषेमागे जावे, चीनने भारताच्या. कारण ताब्याची रेषा मान्य करणे म्हणजे रस्ता आणि त्याखालची जमीन दोन्ही सोडणे. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून मुलांना विचारा, कुणाला किती जमीन रिकामी करावी लागली असती? हा प्रश्न दहा वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या तोडीचा आहे.

एप्रिल १९६० मध्ये चाऊ दिल्लीत आले. पूर्वेला आम्ही तुमचे वास्तव मानतो, पश्चिमेला तुम्ही आमचे माना, असा त्यांचा रोख होता. जमले नाही. नंतर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी जून ते डिसेंबर बीजिंग, दिल्ली आणि रंगून इथे बसून पुरावे मांडले आणि त्यांचा अहवाल फेब्रुवारी १९६१ मध्ये भारताने प्रसिद्ध केला. दोन्ही देशांची पूर्ण बाजू एका बांधणीत मिळते असा तो दस्तऐवज. नोव्हेंबर १९६१ चे पुढे चौक्या नेण्याचे धोरण, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ चे युद्ध, २१ नोव्हेंबरची चीनची एकतर्फी युद्धबंदी, हे बहुतेक ठिकाणी बरे शिकवले जाते. १९६७ चा नथू ला, १९७५ चा तुलुंग ला, १९८६-८७ चा सुमदोरोंग चू हे सीमेवरचे प्रसंग आणि डिसेंबर १९८८ ची राजीव गांधींची बीजिंग भेट तारखांसह पुरे.

एलएसीवर मात्र थांबावे लागेल. भारताने हा शब्द करारात स्वीकारला तो ७ सप्टेंबर १९९३ ला, आणि त्याच करारात लिहून ठेवले की यामुळे सीमेच्या प्रश्नावरची कुणाची भूमिका बदलत नाही. ही रेषा दोघांनी मिळून कुठल्याही नकाशावर काढलेली नाही. नोव्हेंबर २००० मध्ये फक्त मध्य भागाचे नकाशे एकमेकांना दिले गेले. २००२ मध्ये पश्चिमेचे टेबलावर आले आणि पाहून परत घेतले गेले. नकाशा हातात दिला की दावा तिथेच गोठतो, ही भीती दोघांना होती. पाकिस्तानबरोबरची नियंत्रण रेषा, म्हणजे एलओसी, याच्या अगदी उलट आहे : १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांनी ती नकाशांवर आखून सह्या केल्या. १९१४ चे सिमला आणि १९७२ चे सिमला एकाच उत्तरात मिसळलेले आम्ही कित्येकदा पाहिले आहे. एकदा फळ्यावर दोन रकाने करा, मिसळणार नाही.

गलवानमध्ये १५ जून २०२० ला वीस भारतीय जवान शहीद झाले तरी गोळी का चालली नाही, हे मुले नेहमी विचारतात. उत्तर २९ नोव्हेंबर १९९६ च्या करारात आहे : एलएसीपासून २ किमीच्या आत गोळीबार, स्फोट, बंदुकीने शिकार सुद्धा मना. लढाऊ विमाने १० किमीच्या आत नाहीत. पंधरा हजारांच्या डिव्हिजनपेक्षा मोठे सराव टाळायचे, पाच हजारांच्या ब्रिगेडपेक्षा मोठ्या सरावाची आधी सूचना द्यायची. त्याच कराराचे दहावे कलम नकाशे लवकर देण्याघेण्याचे होते. ते अपुरे राहिले, म्हणून दोन गस्ती तुकड्या एकाच जागी 'आमची हद्द' म्हणत समोर येत राहिल्या. शस्त्रांवरचा नियम टिकला, पण रेषेवरची समजूत नाही. मग दगड आणि खिळ्यांचे दांडके आले.

बातम्यांतल्या शब्दांची फोडही करून द्या. समोरासमोरचे सैन्य मागे घेणे ही पहिली पायरी, आणलेली जादा कुमक परत पाठवणे ही पुढची. पँगाँगला फेब्रुवारी २०२१, गोगरा ऑगस्ट २०२१, हॉट स्प्रिंग्ज सप्टेंबर २०२२ ही पहिल्या पायरीची कामे. २१ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झालेली समजूत देपसांग आणि देमचोक इथल्या गस्तीची आहे. 'सीमावाद मिटला' असे तेव्हा काही फलकांवर लिहिले गेले, ते पुसावे.

तासाची तयारी फार लागत नाही. सर्वे ऑफ इंडियाचा बाह्यरेखा नकाशा घ्या. बाहेरची सीमा त्याबरहुकूमच हवी. त्याच्याशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि इंटरनेटवरून उतरवलेले बरेच नकाशे इथे चुकतात. एलएसीची रेघ मात्र काढू नका, कारण काढाल ती तुमच्या मनाची असेल. फक्त ठिपके द्या : काराकोरम खिंड, देपसांग, गलवान, कोंगका ला, पँगाँग, चुशूल, देमचोक, बाराहोती, डोकलाम, थागला, लोंगजू. ए-फोर कागदावरच्या भारताच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे ढोबळ पंधरा किलोमीटर. पँगाँग तलावाच्या काठी उतरणाऱ्या डोंगरसोंडांपैकी (त्यांना 'फिंगर' म्हणतात) फिंगर चार ते फिंगर आठ हे सुमारे आठ किलोमीटरचे अंतर, ज्यासाठी नऊ महिने सैन्ये समोरासमोर होती, स्केचपेनच्या एका रेघेखाली झाकले जाते. मुलांना ती रेघ ओढू द्या आणि मग हे सांगा.

दोन तास पुरतात. पहिला १९१४ चा नकाशा आणि १९५९ ची पत्रे, दुसरा १९९३ व १९९६ चे करार. दोन्ही करार मिळून थोडक्या पानांचे आहेत. सारांश न देता मूळ मजकूरच वर्गात वाचावा. आणि येत्या सराव परीक्षेत 'मॅकमहोन रेषा कोणत्या साली आखली?' हा प्रश्न काढून त्या जागी एवढाच ठेवावा : मार्च १९१४ च्या पत्रांवर कोणाची सही आहे, कोणाची नाही, आणि १९६२ मध्ये त्याने काय फरक पडला?

कळावे,
नागपुरातील इतिहास व आंतरराष्ट्रीय संबंधांचे काही अभ्यासक